टेबलाची चिठ्ठी

हल्ली दुपारी मला झोप लागत नाही आणि धड जागही नसते. सोलापूरच्या उन्हात एक ते चार हा वेळ असाच जातो. पडदे ओढलेले, फरशीवर पाणी शिंपडलेलं, पंखा गरम हवा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेतोय. अशा वेळी कॉटवरून पाहिलं की पुढच्या खोलीतलं जेवणाचं टेबल पाण्यात उभं असल्यासारखं दिसायचं. ओल्या फरशीत त्याचे चारही पाय उलटे उतरलेले असायचे. बारीक, खाली निमुळते होत गेलेले, बाहेरच्या बाजूला जरा फाकलेले पाय. नुकतंच उभं राहायला शिकलेल्या वासराचे असतात तसे.

गेल्या चैत्रात मला त्याचं स्वप्न पडलं. टेबल दारातून बाहेर पडलं, पायऱ्या उतरलं आणि भर दुपारी रस्त्याने चालत निघालं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी मागून अनवाणी चाललो होतो. त्याला हाक मारायची होती, पण काय म्हणून मारायची ते सुचत नव्हतं. ते मात्र रस्ता पाठ असल्यासारखं चाललं होतं. दोन चौक ओलांडून, पिठाच्या चक्कीशेजारून वळून ते आमच्या जुन्या घराच्या दारात थांबलं. तिथे माझी वहिनी राहते. मोठ्या भावाची बायको. भाऊ जाऊन आठ वर्षं झाली.

जाग आली तेव्हा तळपाय खरंच भाजल्यासारखे वाटत होते.

टेबल विकायला काढलं त्यानंतरची ही गोष्ट. माझी पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा पुण्याला असतो, आता मीही तिकडेच जाणार आहे. त्याच्या फ्लॅटमध्ये एवढं मोठं टेबल मावत नाही. त्यानेच मोबाइलवर फोटो काढून कुठेतरी टाकले आणि आठ दिवसांत पुण्याहून एक मुलगी आली. तिशीची असेल. जुनं फर्निचर घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि विकायचं हा तिचा व्यवसाय. तिने आल्या आल्या टेबलाखाली सरळ उताणं झोपून टॉर्च लावला. मी चहा घेऊन आलो तर फक्त तिचे पाय दिसत होते.

"काका, खिळा एकही नाही हो याला!" खालून आवाज आला.

"नाही. सगळे सांधेच आहेत."

"आणि नक्षी पण नाही."

"त्यावरून फार बोलणी खाल्लीत त्याने," मी म्हणालो.

खरंच खाल्ली होती. हे टेबल सोलापुरातच घडलेलं. वडील कापड गिरणीत विणकाम खात्यात मास्तर होते. तिथे परदेशात शिकून आलेले एक इंजिनिअर साहेब होते. त्यांनी कागदावर चित्र काढून इथल्याच एका सुताराकडून ते करवून घेतलं. सागवानी, सहा माणसांचं, दोन्ही टोकांना होडीसारखं किंचित गोलावलेलं. पाय तिरके काढलेत ही चित्रातली चूक आहे असं समजून सुताराने पहिल्यांदा ते सरळच केले होते, असं वडील सांगायचे. पुढे साहेब सोलापूर सोडून गेले. खुर्च्या त्यांनी बरोबर नेल्या आणि टेबल वडिलांना दिलं. हातगाडीवरून ते घरी आलं तेव्हा गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती. शेजारच्या तेलुगू आजींनी त्याच्यावरून हात फिरवला आणि आईला हळूच विचारलं, "नक्षीचं काम मागनं करणार का?"

आम्ही पाटावर बसून जेवणारी माणसं. टेबलावर जेवायचं म्हणजे नक्की काय करायचं हे कुणालाच कळेना. आई तर शेवटपर्यंत त्याच्याकडे पाठ करून जमिनीवरच जेवली. पण ते लवकरच घरात मुरलं. घरामागे आमचे चार माग होते. चार मागांनाही सोलापुरात कारखानाच म्हणतात. चादरी विणून आल्या की टेबलावर घड्या व्हायच्या. सकाळी त्यावर भाकरी, दुपारी चादरी, संध्याकाळी माझी पुस्तकं. खिडकीकडच्या टोकाला वहिनी स्टूल घेऊन बसायची. चादरीच्या टोकांना सुटलेल्या धाग्यांच्या दशा वळायचं काम तिचं. मागांची खडखड चालू असायची आणि टेबल अगदी बारीक थरथरायचं. वर ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर गोल गोल वलयं उठत राहायची. मी अभ्यास सोडून ती बघत बसायचो. वहिनीही बघायची. एकदा म्हणाली, "भावजी, पाणी बी विणतंय की."

ती मंगळवेढ्याकडची. मोकळ्या रानातून आमच्या अरुंद घरात आलेली. त्या खिडकीपाशी तिला वारा मिळायचा, बाहेरची लिंबाची फांदी दिसायची. त्या टेबलावर तिचा काही हक्क होता असं नाही. ती तिची जागा होती एवढंच.

पुण्याची मुलगी टेबलाखालून बाहेर आली, केस झटकले, चहा प्यायली. तिला टेबल पसंत पडलं होतं. व्यवहाराचं मुलाशी ठरलंच होतं. निघताना ती म्हणाली, "काका, एक काम कराल? दोन ओळी लिहून ठेवा. कुणी केलं, तुमच्याकडे कसं आलं. घेणारे हल्ली विचारतात. नुसती वस्तू नको असते, तिची गोष्ट हवी असते."

"लिहितो की," मी म्हणालो.

त्याच दुपारी मी कागद घेऊन बसलो. साहेबांचं लिहिलं. सुताराचं लिहिलं. वडिलांना कसं मिळालं ते लिहिलं. मग लिहिलं, "पुढे वाटणीत चिठ्ठीने माझ्याकडे आले." आणि तिथून पुढे हात हलेना. वाक्य व्याकरणाने बरोबर होतं. पंचेचाळीस वर्षं मी ते तोंडाने म्हणत आलो होतो. कागदावर पहिल्यांदाच लिहिलं होतं.

वाटणी आमची शांतपणे झाली. वडील गेले, त्यानंतर दोन वर्षांनी. मी सरकारी कचेरीत लागलो होतो, लग्न झालं होतं, सोसायटीत घर बांधून होत आलं होतं. माग आणि जुनं घर भावाकडे राहायचं, हे कुणी न सांगताच ठरलं. भांडीकुंडी आईने वाटून दिली. उरल्या दोन मोठ्या वस्तू. आरशाचं कपाट आणि टेबल. भावाला टेबल घड्यांसाठी हवं होतं. वहिनी आपल्यासाठी काही मागणारी नव्हती. पण आदल्या दिवशी दशा वळताना ती माझ्यासमोर म्हणाली होती, "टेबल हितंच राहिलं तर बरं हुईल." मान वर न करता म्हणाली. मी ऐकलं.

आणि मलाही ते हवं होतं. कशासाठी ते आज प्रामाणिकपणे सांगायचं तर, त्या टेबलापाशी बसलेला मी मला हवा होतो. नव्या घरात, सकाळच्या उन्हात, पांढऱ्या सदऱ्यात, वर्तमानपत्र वाचणारा. चादरीच्या धाग्यांचा भुसा अंगावर नसलेला माणूस. ते चित्र मी इतक्यांदा पाहिलं होतं की मला ते घडून गेल्यासारखंच वाटायचं.

आई म्हणाली, चिठ्ठ्या टाका, धाकट्याने आधी उचलायची. आमच्याकडे तशीच रीत. चिठ्ठ्या लिहायच्या मी, कारण अक्षर माझं चांगलं. एका वहीच्या पानाचे दोन सारखे तुकडे केले, एकावर "टेबल" लिहिलं, दुसऱ्यावर "कपाट". शाई वाळवायला म्हणून मी कारखान्यात गेलो. तिथे सुताला लावायच्या खळीचं घमेलं भरलेलं होतं. पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तिथे माझं बोट सहज लागलं. तसं नव्हतं. मी बोट बुडवलं, टेबलाच्या चिठ्ठीवर मागच्या बाजूने फिरवलं आणि ती मागाच्या गरम मोटरवर धरून वाळवली. सुताला खळ लावली की ते कडक होतं, हे आमच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही कळायचं. कागदाचंही तेच झालं. घड्या घातल्यावर डोळ्यांना दोन्ही चिठ्ठ्या सारख्या. बोटांना नाही.

आईने पितळी डबा वहिनीच्या हातात दिला. "तू हलव. घरच्या लक्ष्मीचा हात हाय." वहिनीने चिठ्ठ्या टाकल्या, झाकण लावलं, कानापाशी धरून खूप वेळ डबा हलवला. मग झाकण काढून माझ्यापुढे धरला आणि मान वळवून डोळे घट्ट मिटले. आपल्या नजरेनेसुद्धा कुणाला झुकतं माप जाऊ नये म्हणून. मी हात घातला. पहिली चिठ्ठी मऊ लागली. मी ती सोडली आणि दुसरी उचलली.

भाऊ मनाने मोठा. जोरात हसला आणि बायकोला म्हणाला, "अगं, एवढा डबा हलवून कपाट काढलंस व्हय? तुझ्या हाताला गुणच न्हाय की!"

सगळे हसले. इथेच हे संपलं असतं तर मी कदाचित हे लिहायला बसलो नसतो.

हातगुण हा शब्द आमच्या घरात रोजचा होता. मागावर उभ्या धाग्यांची नवीन तान कुणाच्या हातून चढवायची, पहिलं बी कुणी टाकायचं, नारळ कुणी वाढवायचा, हे हात बघून ठरायचं. त्या वर्षी खंडेनवमीला वहिनीने मागांची पूजा केली आणि त्याच दुपारी एक मोटर जळाली. मोटर तशीही जुनी होती. पण भाऊ म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं?" पुन्हा सगळे हसले. मग ते घरातलं ठरलेलं वाक्य झालं. भाकरी करपली, बस चुकली, कुणाचा पाय मुरगळला, की वहिनीचा हात.

आणि ते वाक्य मी मरू दिलं नाही. ही माझी खरी गोष्ट. मला आतून सारखी भीती वाटायची की कुणीतरी एक दिवस त्या चिठ्ठ्यांचा विषय काढेल. पण जोवर सगळे वहिनीच्या हाताला हसत होते तोवर माझ्या हाताकडे कुणी बघणार नव्हतं. माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला त्याच टेबलावर नारळ ठेवला होता. थोरली म्हणून वहिनी पुढे झाली. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही राहू द्या बरं. घर नवीन आहे." पन्नास माणसांत हशा झाला. वहिनीही हसली. हसता हसता तिने पुढे केलेला हात मागे घेतला आणि पदराखाली झाकला. तो हात पदराखाली जाताना मी बघितला. नारळ दुसऱ्याच कुणी वाढवला.

त्यानंतर ती आपण होऊन कशालाच पहिला हात लावेनाशी झाली. कुणी लक्षात घेतलं नाही, कारण ती मागे राहिली म्हणून कुणाचं काही अडत नव्हतं.

मला ते टेबल लाभलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण ते लाभलं. त्यावर मुलगा लिहायला शिकला, पत्नीने पुरणपोळ्या लाटल्या, मी पांढऱ्या सदऱ्यात वर्तमानपत्र वाचलं. सकाळचं ऊन त्याच्या लाकडावरून सरकायचं तेव्हा आतल्या रेषा कोरड्या नदीच्या पात्रासारख्या दिसायच्या आणि मी त्यांतून बोट फिरवत कुठल्या कुठे जायचो. फार सुंदर होतं ते. पत्नीलाही मी चिठ्ठीचं कधी सांगितलं नाही.

दोन ओळींचा कागद तसाच घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीकडे गेलो. ती दारातल्या कट्ट्यावर ताटात ज्वारी निवडत बसली होती. माहेरची ज्वारी अजून येते तिला.

"या भावजी. टेबल विकताय म्हणं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फोटो बघितला की सुनंच्या फोनवर. लई झ्याक दिसतंय. तुमच्यापरीस तेच तरणं दिसतंय."

मी शेजारी बसलो. कसं सुरू करायचं ते घरून ठरवून आलो होतो, ते सगळं विसरलो. "वहिनी," मी म्हणालो, "वाटणीच्या वेळी टेबलाची चिठ्ठी कुठली ते मला माहीत होतं. मी तिला खळ लावली होती."

तिची बोटं ज्वारीतून फिरतच राहिली. एक खडा निघाला, तो तिने बाजूला टाकला.

"कसली खळ?"

"सुताची. आपल्या कारखान्यातली. कडक झालेली चिठ्ठी हाताला लागली आणि मी तीच उचलली."

"कंच्या बोटानं लावली?"

मी उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. ती त्या बोटाकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं ती हसेल. नाही तर ताट भिरकावेल.

"म्हंजे मी डबा हलवला, त्याचा काय संबंधच नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"डोळं मिटलं हुतं, त्याचा बी न्हाय."

"नाही."

"मग माझा हात?"

मी पुढे केलेलं बोट मुठीत घेतलं. समोरच्या भिंतीवर ऊन चढत होतं. आत सून भांडी घासत होती, तिचा आवाज येत होता.

"नातीला मुलगी झाली ठावं हाय न्हवं तुमाला," वहिनी म्हणाली. "दवाखान्यात नर्सबाईनं बाळ आणलं ते सरळ माझ्याच म्होरं धरलं. मी थोरली म्हणून. मी हात मागं घेतला. म्हटलं, आधी तिच्या सासूकडं द्या. पोरीनं त्वांड फिरवलं, भावजी. रडली. तिला वाटलं मुलगी झाली म्हणून आजीनं घेतली न्हाय. अजून मनात हाय तिच्या. घरी येती, बोलती, पर बाळ माझ्याकडं देत न्हाय."

"तुम्ही सांगितलं नाही का तिला?"

"काय सांगू? माझ्या हाताला गुण न्हाय म्हणून? शिकलेली पोरगी ती. हसंल मला." तिने ताट खाली ठेवलं. "तुमी लोक चेष्टा करत हुता. मी खरं मानलं. माझंच चुकलं."

"तुमचं नाही चुकलं वहिनी."

"मग कुणाचं चुकलं ते सांगा की! मला एकटीला हितं कट्ट्यावर सांगून काय उपेग? हसला तवा सगळ्यांदेखत हसला. रविवारी बारसं हाय. तितं सांगा."

मी हो म्हणालो. मग न राहवून म्हणालो, "टेबल तुम्ही घ्या. त्या मुलीला मी नाही म्हणून कळवतो."

"मी काय त्याच्यावर मिरच्या वाळत घालू?" ती एकदम तडकली. "आता देतोय टेबल! ती खिडकी कवाच बुजवली, तितं आता संडास हाय. न्या म्हणावं त्यास्नी. माझा हात तेवढा द्या परत."

शनिवारी टेम्पो आला. तोपर्यंत मी कागद नव्याने लिहिला होता. वाटणीत आले हे वाक्य खोडलं आणि घडलं तसं लिहिलं, खळीसकट. पुण्याच्या मुलीने तो उभ्या उभ्या वाचला, मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा वाचला.

"काका, हे असंच देऊ घेणाऱ्याला?"

"असंच द्या. नको असेल तर टेबल राहू द्या."

तिने कागद जपून पिशवीत ठेवला. दोघा माणसांनी टेबलाचे पाय चादरीत गुंडाळले. आमच्याकडचीच चादर, जुनी, मोराची. दारातून काढताना ते जरा तिरपं करावं लागलं. उन्हात आलं तेव्हा त्याचा रंग मधासारखा दिसला. टेम्पो जुन्या घराच्या उलट्या दिशेने पुण्याच्या रस्त्याला लागला. घरात आलो तर फरशीवर चार फिकट ठिपके राहिले होते. मी त्यांच्या मध्ये जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. खोली एवढी मोठी आहे हे मला माहीत नव्हतं.

रविवारी बारशाला पुतण्याच्या घरी, म्हणजे जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, पन्नास-साठ माणसं होती. पाळण्याला झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. बायका गाणं म्हणायच्या तयारीत. बाळ पुतण्याच्या मुलीच्या, म्हणजे वहिनीच्या नातीच्या, मांडीवर झोपलं होतं. वहिनी मागे भिंतीला टेकून खुर्चीवर बसली होती, नेहमीसारखी सगळ्यांच्या मागे. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

मी उभा राहिलो. पुतण्याला वाटलं मी आशीर्वादाचं काही बोलणार. "काका, थोडक्यात हं. जेवणं थांबलीत," तो म्हणाला.

मी थोडक्यातच सांगितलं. चिठ्ठ्या, खळ, आणि वास्तुशांतीतलं माझं वाक्य. बोलताना पाळण्याच्या दांडीला धरलं होतं. कुणीतरी मागून म्हणालं, "बघा, काका तेव्हापासूनच हुशार!" एक-दोघे हसले. हसू तिथेच थांबलं. त्या हसण्यात मी इतकी वर्षं लपलो होतो. ते थांबल्यावर उघड्यावर आल्यासारखं झालं.

पुतण्याचा चेहरा उतरला होता. "बाबा असताना सांगायचं होतं की हो, काका," तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि पाणी आणायला म्हणून खाली निघून गेला.

नात मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती मागे वळून आजीकडे बघत होती.

"आजी, म्हणून तू दवाखान्यात..."

"व्हय गं."

"मला वाटलं..."

"काय वाटलं ते म्हाइत हाय मला. येडी कुठली. पोरगी झाली म्हणून मी नाराज हुईन? मी काय पोरगा हाय?"

यावर खरं हसू झालं. बायका एकदम बोलायला लागल्या. आजींना पुढे येऊ द्या, पाळण्याला पहिला हात आजींचा. वहिनीला दोघींनी उठवलं. वाट झाली. ती गुडघे सांभाळत पाळण्यापर्यंत आली, उजवा हात पुढे केला आणि दोरीपासून वीतभर अंतरावर हात थांबला.

कुणी थांबवलं नव्हतं. तिलाही थांबायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हातच पुढे जाईना. सगळे वाट बघत होते. मग ती ओशाळून हसली. "सवय लागली की," म्हणाली आणि हात पदरात घेऊन बाजूला झाली. पाळण्याला पहिला झोका बाळाच्या आत्याने दिला. गाणं सुरू झालं.

ताट वाढून समोर आलं. मला वाटलं होतं मी सांगितलं की परत मिळेल तिचं तिला. माझ्या तोंडून गेलं होतं तर माझ्याच तोंडून येईल. तसं होत नाही.

दिवेलागणीला पाहुणे पांगले. मी खाली आलो आणि दमून कट्ट्यावर बसलो. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आत पुतण्याची बायको उरलेलं आवरत होती. नात एका पाटावर बाळाला घेऊन बसली होती. वहिनी ओट्यापाशी उभी राहून दुधाच्या पातेल्यात करंगळी बुडवून बघत होती.

"कोमट झालंय," ती सुनेला म्हणाली. "कालचं दही दे जरा. आज विरजण मी लावते."

सून काम सोडून तिच्याकडे बघत राहिली. त्या घरात विरजण सुनेनेच लावायचं, ती लग्न होऊन आल्यापासून. तिने वाटी पुढे केली. वहिनीने चमचाभर दही घेतलं, दुधात सोडलं आणि हळूहळू ढवळलं. कुणी तिच्याकडे बघत नाहीये अशा समजुतीने ती ते करत होती. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतही होती.

"आणि नाहीच लागलं तर, आत्याबाई?" सुनेच्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं आणि तिने जीभ चावली.

वहिनीने चमचा पातेल्याच्या काठावर आपटून निथळवला.

"न्हाय लागलं तर दूध वाईट म्हणायचं," ती म्हणाली, आणि झाकण ठेवून पातेलं स्वतःच उचलून कोपऱ्यात सरकवलं. मग पदराला हात पुसत नातीकडे वळली. "आण तिला हिकडं."